बाकावर बसून राहणारी माणसं

आमच्या शाळेत कोण पाप करून आलंय हे ओळखायला फार अक्कल लागायची नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळी शाळा चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, नेली जायची. प्रभुभोजनाची, म्हणजे फादरांकडून पवित्र भाकरीची चकती घ्यायची, वेळ झाली की बाक रिकामे व्हायचे आणि पोरंपोरी हात जोडून रांगेत उभी राहायची. पाप अंगावर असताना ती घ्यायची नसते, म्हणून जो बसून राहिला तो सापडला. आदल्या दिवशी फादरांपुढे पापांची कबुली देऊन मोकळं व्हायची सोय शाळेनंच केलेली असायची, तीही गणिताचा तास बुडवून. इतकं असूनही जो उठत नाही त्याचं काहीतरी भयंकर असणार, असा सरळ हिशेब होता. मग दुपारच्या जेवणाला सूप ओरपता ओरपता त्याची चिरफाड व्हायची. दारू असेल की भानगड? भानगड असेल तर कुणाशी?

या शाळेत मी चार वर्षं काढली. परवा ती संपली. मातुराची, म्हणजे शाळा संपतानाची, परीक्षा पास झाले, छातीवर हिरवी फीत लावली आणि सुटले. माझ्या वर्गातल्या मुली रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, 'आपलं दुसरं घर' वगैरे म्हणत होत्या. मला रडू आलं नाही. माझं पहिलंच घर या शाळेच्या डोळ्यांत इतकं खुपत होतं की दुसऱ्याची हौस उरली नव्हती.

माझं नाव बेर्नादेता. असं नाव ठेवल्यावर मुलीला कॅथलिक शाळेत घालण्यावाचून आईबापांना गत्यंतर राहत नाही. घरी मला देत्का म्हणतात. आईचं नाव हेलेना, ती पोस्टात काउंटरवर बसते. गावातलं कुठलं पार्सल कुठून आलं आणि कुणाची नोटीस कुणाकडून आली हे तिला ठाऊक असतं, पण ती कधी कुणाकडे बोलत नाही. गाव मात्र तिच्याबद्दल मनसोक्त बोलतं. कारण आईनं दुसरं लग्न केलंय. नगरपालिकेत, दोन साक्षीदार आणि एक केक एवढ्यावर, डेझोकाकांशी. पहिला नवरा म्हणजे माझा बाप जिवंत आहे. चर्चच्या लेखी ती अजून त्याचीच बायको, आणि डेझोकाकांबरोबर राहते म्हणजे रोजच्या रोज पाप करते. रोज करणाऱ्याला माफी नाही, आणि माफी नाही म्हणून प्रभुभोजनही नाही. माझ्या बापानं तिची बरगडी मोडली होती, पण ती एकदाच. त्याची त्यानं कबुली दिली, फादर गेझांनी सांगितलेल्या प्रार्थना म्हटल्या आणि पुढच्या रविवारी हा माणूस रांगेत, पहिल्या दहात. आता तो चर्चच्या गायकवृंदात गातो. आवाज चांगला आहे, ते नाकारता येत नाही.

फादर गेझांनी आईलाही एक वाट सुचवली होती. डेझोकाकांबरोबर बहीणभावासारखं राहायचं. तसं वचन दिलं तर सगळं सुरळीत होईल म्हणाले. डेझोकाकांना आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ते बॉयलरचा पंप उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बहीण मला एक आहे, हेलेनका. तीच मला झेपत नाही."

आई हसली होती. पण दर रविवारी ती चर्चमध्ये जातेच. डावीकडच्या खांबाजवळचा बाक तिचा ठरलेला. सगळे उठतात, ती पाय आवळून घेते, म्हणजे बाजूच्यांना जायला जागा होते, आणि बसून राहते. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी पालकांसकट मिस्सा होती, तेव्हाही ती तशीच बसली. माझ्या नव्या वर्गातल्या सगळ्या माना मागे वळल्या. बाहेर आल्यावर ल्युब्का नावाच्या एका लठ्ठ, प्रेमळ मुलीनं आईला विचारलं, "मावशी, तुमचे गुडघे दुखतात का?" आई म्हणाली, "हो गं, फार." त्या दिवसापासून शाळेशी माझं जे वाकडं झालं ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही.

धर्माच्या तासाला पवित्र कुटुंबाचं, म्हणजे बाळ ख्रिस्त आणि त्याच्या आईबापांचं, चित्र काढायचं असायचं. आपल्या घरात आणि त्या घरात कुठे कुठे फरक आहे ते लिहा, असा गृहपाठ. मी एकदा लिहिलं की पवित्र कुटुंबातही मुलाला वाढवणारा बाप सख्खा नव्हताच, तेव्हा आमचं जमतंय. मला वर्गाबाहेर काढलं. मी ते वर्गात एवढ्या शांतपणे वाचून दाखवलं होतं की ल्युब्काला हसू आवरेना, म्हणून तीही बाहेर. जिन्यात बसून आम्ही तिच्या आईनं दिलेले खसखशीचे रोल खाल्ले. तेव्हापासून ती माझी मैत्रीण.

विश्वास म्हणाल तर तो माझा कधी उडाला ते मला सांगता येणार नाही. कधीतरी पाहिलं तर जागेवर नव्हता. पण रांगेत मी जात राहिले. अर्धा वर्ग तसाच जायचा. ल्युब्का म्हणायची, "पाय मोकळे होतात गं. दीड तास बसून बसून माझं सगळं बधिर होतं." बसून राहायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि हे मला स्वतःचंच फार लागायचं. सगळ्या चर्चमध्ये प्रभुभोजन खरोखर मानणारी जी एक बाई होती ती खांबाजवळ बसायची, आणि आम्ही न मानणारे आमेन आमेन करत पुढे जायचो. या गमतीवर कुणी हसत नव्हतं.

आता शेवटच्या आठवड्याचं सांगते. आमच्या शाळेची एक प्रथा आहे. मातुरा झाल्यावर आभाराची मिस्सा होते आणि त्या दिवशी प्रत्येक मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना दोन्ही बाजूंना घेऊन प्रभुभोजनाला जाते. फोटोवाला वेदीजवळ उभा असतो. ते फोटो मग शाळेच्या जिन्यात वर्षानुवर्षं टांगलेले असतात, खालपासून वरपर्यंत, एकेक सुखी कुटुंब. चार वर्षं रोज मी त्यांच्यामधून चढले आणि उतरले.

सिस्टर अक्विलीना आमच्या वर्गशिक्षिका. रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि खरं सांगायचं तर फार छान शिकवायच्या. पुस्तकं परत करायला गेले तेव्हा त्या प्रयोगशाळेत एकट्याच परीक्षानळ्या धूत होत्या.

"कुश्निरोवा, थांब जरा," त्या म्हणाल्या. आडनावानंच हाक मारायची त्यांची पद्धत. "शनिवारचं तुझं ठरलं ना?"

"काय ठरायचंय, सिस्टर?"

"तुझ्याबरोबर पुढे कोण येणार ते. मी तुझ्या वडिलांशी बोलले. येतायत ते. सूट घालून येतो म्हणाले."

"मला न विचारता बोललात?"

"आता विचारतेय ना."

"माझ्याबरोबर आई येणार आहे. आणि डेझोकाका."

"येऊ देत की. चर्चचं दार कुणाला बंद नसतं. येतील, बसतील." नळीच्या तोंडाशी फुंकर मारून त्यांनी ती उलटी टांगली. "पण वेदीपर्यंत तुझ्याबरोबर कुणीतरी चालायला हवं. एकटी कशी जाशील?"

"त्यांनी आईला मारलंय. बरगडी मोडलीय तिची. अख्ख्या गावाला माहितीय."

"त्याचं त्यांनी देवापाशी मिटवलंय."

"आईपाशी नाही मिटवलं."

सिस्टरनी नळ बंद केला. त्यांचे हात लाल झाले होते, थंड पाण्यानं. "तू हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "हुशार माणसाला एक खोड लागते. तो न्यायाधीश होऊन बसतो. तुझ्या आईसाठी मी रोज प्रार्थना करते, कुश्निरोवा. रोज, नाव घेऊन."

त्या खरंच करत असणार. तेच तर मला सहन होत नव्हतं. लबाड असत्या तर त्यांना दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. ज्या बाईसाठी रोज प्रार्थना करता तिला चार वर्षांत एकदा 'कशा आहात' म्हणून विचारलं असतंत, तर देवाची थोडी मेहनत वाचली असती. पण हे मला जिन्यात सुचलं, नेहमीसारखं उशिरा.

घरी आले तर आई माझा पांढरा ब्लाउज इस्त्री करत होती आणि डेझोकाका उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोही खात होते, चीज आणि तळलेला कांदा घालून.

"सिस्टरनी बाबांना बोलावलंय," मी म्हटलं.

"माहितीय मला," आई म्हणाली. "पोस्टात आला होता. तिकिटं घ्यायला म्हणून."

"तिकिटं? ते कुणाला पत्र लिहितात?"

"कुणाला नाही. सांगायला आला होता. टाय कुठल्या रंगाचा लावू विचारत होता."

डेझोकाकांनी काटा खाली ठेवला. "आणि तू काय सांगितलंस?"

"निळा. त्याच्याकडे तेवढा एकच आहे." आईनं बाही उलटली. "जा त्याच्याबरोबर, देत्का. पाच मिनिटांचं काम. पुढे जायचं आणि परत यायचं."

"मी उठणारच नाहीये," मी म्हटलं. हे मी आठवडाभर मनात घोळवत होते, त्यामुळे फार झोकात बाहेर आलं. "मी तुमच्याजवळ येऊन बसणार, खांबापाशी. सगळे रांगेत गेले की आपण तिघंच बाकावर. बघू दे सगळ्या गावाला. निळा टाय एकटाच जाऊ दे पुढे."

"माझ्या शेजारी बसून काय मिळणार, बाईसाहेब?" डेझोकाका म्हणाले. ते मला बाईसाहेबच म्हणतात. "मला मिस्सेत झोप लागते. तुझ्या खांद्यावर पडायचो."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाली, "असलं काही करायचं नाही. कॉलर दे इकडे, राहिलीय."

मी समजायचं ते समजले. आई भिडस्त आहे, तोंडानं नको म्हणते, पण मी शेजारी बसले की आतून सुखावेल. तिच्यासाठी कुणीतरी बसायला हवंच होतं कधीतरी. असं मी समजले आणि माझ्या शौर्यावर खूश होऊन तीन वेळा पिरोही वाढून घेतले.

शनिवारी चर्च खचाखच भरलं होतं. मुलींच्या फिती, आज्यांच्या टोप्या, अत्तरांचे वास. आमचा वर्ग पुढच्या बाकांवर, आईवडील मागे. बाप निळा टाय लावून वरच्या सज्जातल्या गायकवृंदातून खाली उतरून आला होता आणि ओळखीच्यांशी हस्तांदोलन करत होता, जणू मुलगी त्यानंच वाढवली. मला बघून म्हणाला, "काय देत्का, केवढी झालीस." शेजारच्या गल्लीत राहतो हा माणूस.

"तुम्ही जा पुढे," मी म्हटलं. "मी येते."

प्रवचनात फादर गेझा कुटुंबाविषयी बोलले. कुटुंब म्हणजे छोटं चर्च, असं काहीसं. त्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला पुढचं वाक्य आधी येतं. मग घंटा वाजली, सगळे गुडघ्यावर गेले, उठले, आणि रांग लागायला सुरुवात झाली. आमच्या वर्गातली मुलं मागे जाऊन आपापल्या आईवडिलांना घेऊन यायला लागली. तेवढ्या गडबडीत मी उठले आणि सरळ डावीकडच्या खांबाशी गेले. आईनं सवयीनं पाय आवळून घेतले होते. मी तिच्या आणि डेझोकाकांच्या मध्ये जाऊन बसले.

मला वाटत होतं तसंच झालं. माना वळल्या. ल्युब्का आईवडिलांच्या मधून जाता जाता माझ्याकडे बघून डोळे मोठे करून गेली. सिस्टर अक्विलीना रांग लावत उभ्या होत्या, त्यांचा हात हवेतच राहिला. आणि बाप मधल्या वाटेत एकटा उभा, कोपर पुढे करून, त्यात मी हात घालणार म्हणून. चार वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"ऊठ," आई म्हणाली.

"नाही."

"देत्का, ऊठ. जा."

"मी तुझ्यासाठी बसलेय."

"माझ्यासाठी?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वेदीकडे बघत होती. आवाज इतका हळू की डेझोकाकांनाही ऐकू आला नसेल. "मी इथे शाळेवर रुसून बसते असं वाटतं तुला? फादरांना दाखवायला? मला तिथे जायचंय म्हणून मी इथे बसते. दर रविवारी. तुला जायचंच नाही, तर तू माझ्याजवळ बसून माझी चेष्टा करू नकोस."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी उठले. कुठे जायचं हे काही ठरवलं नव्हतं, पाय रांगेकडे गेले. बापाचं कोपर अजून तसंच होतं. मी त्याच्या पुढून निघून गेले आणि तो माझ्यामागे आला. फोटोवाल्यानं काढला फोटो. त्यात एक पोरगी घुश्शात पुढे चाललीय आणि एक माणूस तिच्या पाठीकडे बघून हसतोय. लावा म्हणावं जिन्यात.

रांग हळूहळू सरकत होती आणि मी आतल्या आत जळत होते. शाळेवर, फादरांवर, बापावर, आणि पहिल्यांदाच आईवरही. मला त्या भाकरीत देव दिसत नव्हता. मला दिसत होती एक पातळ पांढरी चकती, जी माझ्या बापाला मिळते, जी मला मिळते, जी पाय मोकळे करायला आलेल्या पन्नास पोरांना मिळते, आणि जिला ती एवढी हवी आहे तिलाच मिळत नाही. मग हा नुसता वाटपाचा घोळ आहे. आणि वाटपाचा घोळ कुणालाही निस्तरता येतो.

साथीच्या वर्षापासून आमच्याकडे चकती जिभेऐवजी हातावर घ्यायची परवानगी आहे. सिस्टरना ते पटत नाही, त्यामुळे आमच्या वर्गातले फारसे कुणी हात पुढे करत नाहीत. मी केला.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर गेझा म्हणाले.

"आमेन," मी म्हटलं, बाजूला झाले, हात तोंडापाशी नेला, आणि मूठ मिटून खाली आणली. कुणाला कळलं नाही. मागे बाप गुडघे टेकून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून वाट बघत होता.

मी खांबापाशी परत आले. आईच्या शेजारी बसले, बाकाच्या आड हात धरला आणि उघडला. चकती मी दोन्ही हातांनी मोडली. कट्‌ असा बारीक आवाज झाला. अर्धी तिच्यापुढे धरली.

"अर्धी तुझी," मी म्हटलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं पहिल्यांदा काय केलं तर आपला तळहात खोलगट करून माझ्या हातांखाली धरला, काही सांडू नये म्हणून. तान्ह्या मुलाला भरवताना धरतात तसा.

"काय केलंस तू हे," ती म्हणाली. "खा. दोन्ही. आत्ता."

"आई, कुणी बघत नाहीये."

"खा, देत्का."

मी खाल्ली. टाळ्याला चिकटली. आईनं आपला तळहात डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोटं अगदी सावकाश मिटून घेतली आणि ती मूठ गळ्यातल्या पदकाच्या साखळीपाशी, छातीवर दाबून धरली. तिच्या हातात एक कण पडला होता.

डेझोकाकांना जाग आली. "काय झालं? संपलं?"

"नाही अजून," आई म्हणाली.

शेवटचं भजन, आशीर्वाद, फुलं, आणि मग सगळे बाहेर पायऱ्यांवर. उन्हात लोक एकमेकांचे हात दाबत होते, गालांचे मुके घेत होते. आई मूठ छातीवर धरून उभी. एकदोघी ओळखीच्या आल्या, त्यांना तिनं नुसती मान हलवली. मी तिला म्हटलं, "आई, सोड ना, काही नाहीये त्यात." तिनं दुसरा हातही त्या मुठीवर ठेवला.

आणि नेमक्या तेव्हा सिस्टर अक्विलीना पायऱ्या उतरून आमच्याकडे आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. कदाचित मी शेवटी उठले याचं त्यांना बरं वाटलं असेल, कदाचित मनात काही टोचलं असेल. त्या सरळ आईसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे तुमची. आणि आज तुम्ही तिला पाठवलंत, ते मी पाहिलं."

आईनं हात दिला नाही.

"माफ करा, सिस्टर," ती म्हणाली. "मला हात देता येत नाही."

सिस्टरांचा हात तिथेच राहिला. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. ल्युब्काची आई, मुख्याध्यापक, फोटोवाला, सगळे बघत होते. सिस्टरांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"आज तरी राग सोडायला हवा होता, बाई," त्या म्हणाल्या.

"राग नाही, सिस्टर. देवाशप्पथ राग नाही."

सिस्टर वळल्या आणि गेल्या. गावात आज हेच चाललंय, कान देऊन ऐकलं तर ऐकू येईल. पोस्टातल्या हेलेनानं सिस्टरचा हात झिडकारला, आभाराच्या मिस्सेच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर. ल्युब्कानं तर मला मिठी मारून सांगितलं, "तुझ्या आईनं काय केलं गं, मला अंगावर काटा आला." त्या बाईचा हात कुणीतरी असा हवेत लटकत ठेवावा हे मी चार वर्षं मनात रंगवत होते. ठेवला, आणि मला त्याची काहीच चव लागली नाही.

आई एका शब्दानं खरं सांगू शकली असती. माझ्या हातात ख्रिस्ताच्या शरीराचा कण आहे, म्हणून हात देता येत नाही. सिस्टर तिथेच गुडघ्यावर आल्या असत्या. पण मग तो कण कुठून आला हेही सांगावं लागलं असतं, आणि अजून शाळेच्या सभागृहात माझं प्रमाणपत्र मिळायचं होतं.

सभागृहात आई मूठ मिटून बसली. सगळे टाळ्या वाजवत होते, तिनं वाजवल्या नाहीत. लिंबाचं सरबत आलं, डेझोकाकांनी तिचा पेला धरला. कुणीतरी म्हणालं, बघा, अजून धुसफुस चाललीय. मी स्टेजवर जाऊन प्रमाणपत्र घेतलं, खाली आले, आणि आम्ही कुणाचा निरोप न घेता निघालो.

डेझोकाकांची व्हॅन शाळेच्या मागे, लिंडनच्या झाडांखाली लावलेली होती. दार लावून घेतल्यावर आईनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"मग फादरांकडे नेऊन दे," ते म्हणाले.

"आणि देत्काचं काय सांगू?"

"झाडाला घाल पाण्यात कालवून. काहीतरी असेल ना तुमच्यात."

"असेल. फादरांनी करायचं असतं ते. मी कशी करू?"

डेझोकाकांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग अगदी हळू म्हणाले, "हेलेनका, तुझ्याच हातात आहे. घेऊन टाक. इथे कोण बघतंय?"

"ज्यानं बघायचं तोच बघतोय," आई म्हणाली.

तिनं मूठ उघडली. बोटं आखडली होती, एकेक सोडवावी लागली. तळहात घामानं ओला होता. मी वाकून पाहिलं. कण कुठेच नव्हता. रेषांमध्ये कुठेतरी थोडंसं पिठूळ दिसल्यासारखं वाटत होतं, तेही कदाचित मला वाटत होतं.

"काही नाहीये, आई. विरघळला."

"विरघळला म्हणजे गेला नाही." तिनं तो हात माझ्यापुढे धरला. "घे तू. रांगेत तू उभी होतीस. तुझा आहे."

मला म्हणायचं होतं की माझा नाही, मी मानत नाही, मी कधीची मानत नाही, तुला ठाऊक आहे. तिला ठाऊक होतंच. आमच्या तिघांत ज्या एकटीला तो हवा होता तिच्या हातात तो तासभर होता, गावात कुणालाही कधी कळलं नसतं, आणि तिनं तो मला देऊ केला होता, मला, जिला त्याचं काही नव्हतं. शाळेनं चार वर्षांत माझ्याकडून जे काही करून घेतलं ते मी दात ओठ खाऊन केलं होतं. हे मात्र मी वाकून केलं. आईचा तळहात दोन्ही हातांत धरला आणि जिभेनं टिपला, मनगटापासून बोटांपर्यंत, एकही रेघ न सोडता. खारट होता.

"आमेन," आई म्हणाली, माझ्याऐवजी.

डेझोकाकांनी व्हॅन सुरू केली. आईनं तो रिकामा हात पुन्हा मिटला आणि घर येईपर्यंत मांडीवर तसाच मिटून ठेवला.